टर्कीची पिल्लं आणि लंगडी

लग्न होऊन कळव्याला आले तेव्हा घरात बोलायला मी फार लाजायची. सासूबाई विचारतील तेवढंच उत्तर द्यायचं, तेही खाली बघून. कोंबड्यांशी मात्र बोलायची. सकाळी डालगं उचलून त्यांना अंगणात सोडायचं काम माझंच होतं.

आमचे मालक कल्याणला रेल्वेत होते. तिथल्या एका ड्रायव्हरच्या ख्रिस्ती बायकोला नाताळात टर्की लागायची, पण तिची टर्की अंड्यांवर बसेना. अंडी आमच्या कोंबडीखाली उबवायची आणि नाताळला निम्मे पक्षी तिला द्यायचे, असं ठरलं. तेव्हा आमची एकच कोंबडी खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली, होती. तिच्या पोटाखाली ती मोठी अंडी पाचच मावली. पंधरा दिवसांनी दुसरी कोंबडी खुडूक झाली, तेव्हा मालकांनी आणखी पाच आणली.

एकविसाव्या दिवशी काहीच फुटलं नाही म्हणून सासूबाई अंडी फेकायला निघाल्या होत्या. टर्कीला चार आठवडे लागतात, असं सांगून मालकांनी थांबवलं. अजून आठवडाभराने चार पिल्लं निघाली. एकीच्या पायावर कोंबडीचा पाय पडला आणि ती लंगडी झाली. तिची भावंडं तिला खाऊ देत नसत, म्हणून मी तिला हातावर चिमूटभर वेगळं भरवायची.

दुसऱ्या कोंबडीची पाचही अंडी फुटली, पण ती लांब मानेची पिल्लं बघून कोंबडी बिचकली आणि त्यांना टोचायला लागली. मी पिल्लं चुलीजवळ टोपलीत ठेवली. समोर कणी होती, उकडलेलं अंडं कुस्करून ठेवलं होतं, पण खायचं कसं हेच त्यांना कळेना. मी बोटाने ताटलीवर टकटक केली, तर ती माझ्या हिरव्या बांगड्यांवर चोची मारत बसली. तिसऱ्या दिवशी एक मेलं, चौथ्या दिवशी सकाळी दुसरं. उरलेली तीन माना टाकून उभी होती.

सासूबाईंचा नियम पक्का होता. मोठी आणि बारकी पिल्लं एकत्र ठेवायची नाहीत, मोठी बारक्यांची डोकी फोडतात. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मी विचारलं, "आई, लंगडीला ह्यांच्यात सोडू का?"

"टोचून मारंल ती. मंग डोल्याला पदर लावून माझ्याकरं येऊ नको."

"नाही सोडलं तरी मरतीलच," मी म्हटलं.

त्यांना मी असं उत्तर कधी दिलं नव्हतं. माझे कान तापले. सासूबाई उठल्या, अंगणातून लंगडीला स्वतःच धरून घेऊन आल्या आणि टोपलीशी बसल्या. तिने टोचलं तर लगेच उचलायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

लंगडीला एवढी भरलेली ताटली बिनभांडणाची कधी मिळाली नव्हती. ती भराभर खायला लागली. एक पिल्लू तिच्याकडे बघत राहिलं. मग तिच्या चोचीला चिकटलेला अंड्याचा कण त्याने ओढला. लंगडीने त्याच्या डोक्यावर एक टोच मारली. सासूबाईंनी हात पुढे केला, तेवढ्यात ते पिल्लू वळलं आणि ताटलीतलंच टिपायला लागलं. संध्याकाळपर्यंत तिघंही खात होती. झोपताना तेवढं लंगडीला वेगळं डालायचो, नाहीतर ती त्यांच्यावर बसली असती.

नाताळाआधी बाई पक्षी न्यायला आल्या. सात होते. सातांचे निम्मे कसे करायचे, म्हणून सासूबाईंनी त्यांना चार दिले. बाईंनी आधी लंगडीकडेच बोट केलं, कारण खाऊन खाऊन तीच सगळ्यांत जाड झाली होती.

"ती नाय मिलायची," सासूबाई म्हणाल्या. "ती आमची मास्तरीण हाय."

बाई हसल्या आणि दुसरी घेतली.

पुढच्या साली अंडी आली तेव्हा दोन कोंबड्या एकदमच खुडूक होत्या. सासूबाईंनी मला हाक मारली आणि विचारलं, "सगली एकदम बसवायची का मागंपुढं?"

"मागंपुढं," मी म्हटलं. "मोठी बारक्यांना खायला शिकवतील."

"मंग आज बसवायला एकच टोपली आण," त्या म्हणाल्या.