मोसंबीला दिलेला ताण

मोसंबीच्या झाडाला पाणी न घालण्यासाठी मी महिनाभर रोज पहाटे पाचला उठत होतो.

झाड गुरुजींनी दिलेलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि चढवणारे गुरुजी. दहावीला त्यांनी मला शिरूर अनंतपाळला स्वतःच्या घरी अभ्यासाला ठेवून घेतलं होतं. पुढं लातुरात आमचं घर झालं तेव्हा गृहप्रवेशाला ते मोसंबीचं कलम घेऊन आले आणि म्हणाले, "दिलीप, पहिलं फळ मला."

गुरुजी आता ऐंशीच्या पुढचे. झाडाच्या मर्जीनं थांबायला मन तयार होईना. त्यातच त्यांचा फोन आला, "संक्रांतीनंतर लातुरात डोळ्याचं ऑपरेशन आहे. पट्टी निघाली की नव्या डोळ्यानं आधी तुझं झाड बघणार."

"या गुरुजी, फुलांनी लगडलेलं दाखवतो!" मी म्हणालो. (झाड तेव्हा माझ्या कमरेएवढं होतं.)

मग एका बागायतदाराचा व्हिडिओ मोबाईलवर बघून मी तो शब्दन्‌शब्द वहीत उतरवला. बहार धरायचा तर मोसंबीला आधी ताण द्यायचा, म्हणजे महिना-दीड महिना पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, गळतात. मग पाणी सोडलं की झाड फुलांनी भरून जातं! हे मी घरात वाचून दाखवलं.

"म्हंजे तहानेनं मारायचं?" माय म्हणाली.

"मारायचं नाही, माय. ताण द्यायचा."

"अन् फरक काय?"

"हे शास्त्र आहे!"

शास्त्र म्हटलं की आमच्या घरात सगळे गप्प बसतात. पटतं म्हणून नव्हे, मी वही काढीन म्हणून.

पंधरा दिवस झाले, पान गळेना. उलट नवी पालवी फुटली! शेवटी बुंध्याशी उकरून बघितलं, तर चिखल. आणि चिखलात तांदळाचे दाणे.

दुसऱ्या दिवसापासून मी पाचला उठून पहाऱ्यावर बसलो. पहिल्याच पहाटे माय पातेलं घेऊन आली.

"माय! काय करायलीस?"

"काय न्हाई बाबा. तांदळाचं धुवण हाय. पाणी कुठंय ह्यात?"

सकाळी बायको, सुरेखा, भांडी विसळलेलं पाणी घेऊन सापडली. "अहो, मला वाटलं, फक्त नळाचं बंद आहे." संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीवर आधी तांब्या उगवला, मागून शेजारच्या रझिया चाची.

"मास्तर, इत्ते शिकलेले तुम्ही, अन् बेजुबान झाडाला पानी न्हाई? नळ आठ दिवसाला येतो, तरी मी त्याचा वाटा काढून ठेवायले!"

मी तिघींची सभा घेतली. गुरुजींचे उपकार एकेक करून सांगितले. तिघींनी माना डोलावल्या. आणि खरंच, दहा-बारा दिवसांत पानं गळायला लागली! घरात सुतक, आणि मी एकटा पेढे आणायच्या बेतात. अखेर चार काड्या उरल्या. मी वहीबरहुकूम पाणी सोडलं, खत घातलं आणि फुलांची वाट बघत बसलो.

फुलं आली नाहीत. गुरुजी आले.

"जयभीम गुरुजी," मी कसाबसा म्हणालो. "जयभीम. कुठंय झाड?" म्हणत त्यांनी काळा चष्मा वर केला. मी बोट दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "ऑपरेशन बिघडलं वाटतं."

"नाही गुरुजी. ताण दिलाय."

"ह्याला? अरे, गृहप्रवेशाला दिलेलं झाड, दीड वर्षाचं लेकरू! ताण चार-पाच वर्षांच्या झाडाला देतात. अंगणवाडीतल्या पोराला तू बोर्डाच्या परीक्षेला बसवलंस!"

त्यांनी नखानं साल खरवडली. आत हिरवं होतं.

"जीव आहे. पाणी कोण घालत होतं?"

"कुणीच नाही!" मी शपथेवर सांगितलं.

माय, सुरेखा आणि भिंतीवरून चाची, तिघी एकदम जमिनीकडं बघायला लागल्या.

"दिवसाआड एकेक फुलपात्र," माय हळूच म्हणाली. "हा शाळेत गेल्यावर."

"म्हणून जगलं," गुरुजी म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पहिलं फळ आता तीन-चार वर्षं लांब गेलं होतं. गुरुजींनी ते ओळखलं. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "रडू नकोस. मी थांबतो."

ते गेल्याबरोबर मायनं झाडाभोवती बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं. परवा मीटर बघायला आलेल्या माणसानं विचारलं, "मावशी, इथं शेळ्यांचा लई त्रास दिसतोय?"

"न्हाई बाबा," माय माझ्याकडं न बघता म्हणाली, "शेळीला हाकलता येतं. आमच्या घरात ग्रॅज्युएट हाय."