उतारीकाकांचे पाच बदाम

पत्त्यांचा डाव संपून, पुन्हा पिसून, नवी पानं वाटून झाली तरी उतारीकाकांचा मागचा डाव संपलेला नसायचा. "चौथ्या हाताला तू किलवरची अठ्ठी टाकलीस. हातात नव्वी होती. का बरं?" असं ते अगदी सौम्यपणे विचारायचे. आपल्याला चौथा हात आठवत नसायचा, किलवर तर त्याहून नाही. मग ते तेराच्या तेरा हात चारी माणसांच्या पानांसकट म्हणून दाखवायचे आणि आपण नेमका कुठे मूर्खपणा केला तिथे बोट ठेवायचे. त्यात रागबिग काही नसायचा. फक्त आपली नोंद चुकीची राहू नये एवढीच त्यांची इच्छा असायची.

मेंढीकोटात पहिलं पान ज्याने टाकायचं त्याची उतारी. हा शब्द काका पत्त्यांबाहेरही वापरत. धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या सभेत टँकरचा विषय निघाला आणि सगळे जण एकदम छताकडे बघू लागले की मागच्या खुर्चीवरून आवाज यायचा, "उतारी कुणाची?" त्यावरून हे नाव पडलं. दारावरच्या पाटीवर त्यांचं खरं नाव होतं, पण ते फक्त कुरियरवाल्यांच्या उपयोगाचं होतं.

काका चाळीस वर्षं शनिवार पेठेत एका चष्म्याच्या दुकानात नोकरीला होते. माणसाला खुर्चीत बसवायचं, समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावायची, काचा बदलून बघायच्या. सकाळी दहाला दुकानाचं कुलूप काढण्यापासून सगळं त्यांच्याकडे. माणसांची नावं ते सर्रास विसरायचे, नंबर कधी नाही. मी लग्न होऊन त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा त्यांनी माहेरचं आडनाव विचारलं, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "वडिलांचा उजवा उणे सव्वादोन, डावा उणे पावणेदोन. आणि फ्रेम नेहमी स्वस्तातली." तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर मेंढीकोट चालायचं. एकीकडे मी आणि माझा नवरा, दुसरीकडे काका आणि काकू. समोरासमोर बसतात ते भिडू, हे ठाऊक असेलच. हात जिंकला की काका "आपला" म्हणायचे, चारी पानं एका हाताने गोळा करायचे, पालथी घालायचे, टेबलावर दोन बाजूंनी ठोकून सारखी करायचे आणि समोरच्या ढिगावर ठेवायचे. काकू तो ढीग आणखी एकदा सारखा करायच्या. त्याची काही गरज नसायची. पण काकांनी केलेल्या कुठल्याही कामावर शेवटचा हात त्यांचा फिरायला हवा असायचा.

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. मेंढीकोटाला चौथं माणूस उरलं नाही. काका रविवारी तीनला दार वाजवायचे, सवयीने आत यायचे आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून "चहा तरी घेऊ" म्हणायचे. मला ते बघवेना. खराडीला आमच्या ऑफिसात हौशी पोकर मंडळ आहे, मी त्यात जात असे. पोकरला तीन माणसंही चालतात. म्हणून मी काकांना पोकर शिकवायला घेतलं.

त्यांचा पहिला प्रश्न होता, "माझा भिडू कोण?"

"भिडू नसतो काका. सगळे आपापले."

"मग आठआठ माणसं एका टेबलाशी बसतातच कशाला?"

खेळ तसा सोपा. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती त्याची त्यालाच दिसतात. टेबलावर सगळ्यांची मिळून पाच पानं उघडी पडतात. या सातांतून ज्याची पाच पानं सरस, त्याचा डाव. पाचही एकाच रंगाची, समजा पाच किलवर जमली, तर ती तीन एक्क्यांनाही भारी. मधेमधे प्लास्टिकच्या चकत्या लावत जायचं, आणि पानं वाईट असतील तर टाकून द्यायची. हे टाकणं काकांना फार जड गेलं. "म्हणजे तासभर बसायचं आणि खेळायचं नाही. हे माझ्या मेहुण्याचं सरकारी ऑफिस झालं," म्हणाले.

पण वाईट पानांवर चकत्या लावणाऱ्यांची थापेबाजी ओळखणं त्यांना एका दुपारीत जमलं, आणि तेही चष्म्याच्या दुकानामुळे. "शेवटची ओळ दिसत नसली तरी दिसते म्हणणारी माणसं मी आयुष्यभर बघितली," ते म्हणाले. "खरंच दिसतं तो भराभर वाचून मोकळा होतो. दिसत नाही तो आधी घसा साफ करतो, मग मान जरा पुढे घेतो." माझा नवरा पुढच्याच डावाला घसा साफ करताना सापडला. त्या दिवसापासून तो काकांसमोर खोकायला घाबरू लागला.

एक गोष्ट मात्र काकांनी सोडली नाही. डाव जिंकला की "आपला" म्हणायचं, समोरच्याची पानंसुद्धा आपल्या पानांबरोबर गोळा करायची, पालथी घालून ठोकायची आणि ढिगावर ठेवायची. पोकरमध्ये असं करत नाहीत. आपली पानं उताणी ठेवून सगळ्यांना दाखवायची असतात. मला ते माहीत होतं. तरी मी एकदाही टोकलं नाही. ते ठोकणं ऐकू आलं की टेबल पुन्हा पूर्वीसारखं वाटायचं, आणि घरच्या खेळात काय बिघडतंय असं मी स्वतःला समजावलं.

मग गेल्या वर्षी ते कुलुपाचं झालं. एका सकाळी काका बसने शनिवार पेठेत गेले आणि दहाच्या ठोक्याला दुकानाच्या शटरशी वाकून कुलपाला किल्ली लावू लागले. ते दुकान बंद होऊन पाच वर्षं झाली होती. आता तिथे मोबाइलची कव्हरं विकतात. किल्ली काकांच्या स्वतःच्या फ्लॅटची होती. शेजारच्या दुकानदाराने ओळखलं म्हणून बरं, त्याने त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि बंगळुरूला त्यांच्या मुलीला फोन लावला. मुग्धा दुसऱ्या दिवशी हजर झाली, डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, एकटं ठेवू नका.

"बाबा, तुम्ही आता माझ्याकडे चला," मुग्धा म्हणाली. मी समोर बसले होते.

"एकदा चुकलो."

"एकदा मला कळलं."

काकांनी माझ्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "वैशालीच्या ऑफिसात पोकरची स्पर्धा आहे, घरच्यांनाही घेतात. तू ये आणि दिवसभर बघत बस. मी कुठे विसरलो, गोंधळलो, तर बॅग भरतो. नाही चुकलो तर मला इथे राहू दे."

मुग्धाने माझ्याकडे बघितलं. "ही कल्पना तुझी?" कल्पना माझी नव्हती, पण नाव मीच नोंदवलं होतं. मुग्धा काही दुष्ट नाही. बापाचं मन मोडायचं तिच्या जिवावर आलं होतं, म्हणून ती हो म्हणाली.

स्पर्धा रविवारी सकाळी, ऑफिसच्या कँटीनमध्ये होती. पैशाचा संबंध नव्हता, एक करंडक होता आणि जेवण होतं. साठएक माणसं आली होती, बहुतेक तिशीच्या आतली, टोप्या उलट्या घातलेली. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. मी पहिल्या तासातच बाद झाले आणि मुग्धाशेजारी, दोरीपलीकडे, काकांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले. डाव चालू असताना बघणाऱ्यांनी अवाक्षर काढायचं नाही, असा मंडळाचा नियम आहे. तो लिहिणाऱ्यांत मी होते.

काका सुंदर खेळले. पानं टाकत राहिले, माणसं बघत राहिले. कुणी घसा साफ केला की चकत्या पुढे सरकवायचे आणि समोरचा पानं टाकून द्यायचा, काकांना आपली दाखवायची वेळच येत नसे. दुपारी जेवताना शेजारच्या मुलीला त्यांनी सकाळपासून तिने पानं उघडलेले चार डाव म्हणून दाखवले, पानांसकट. ती मैत्रिणींना बोलावून आणायला गेली. मुग्धा हे सगळं बघत होती. चार वाजता नऊ जण उरले, त्यांत काका होते. मुग्धा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दिवसभरासाठी कुणी बाई मिळेल का गं तुमच्याकडे? आणि तू आहेसच समोर." मी मान डोलावली.

शेवटच्या टेबलावर काकांची जागा पानं वाटणाऱ्या मुलीच्या लगेच शेजारी आली. मुग्धा आणि मी पुन्हा त्यांच्या समोर, दोरीपलीकडे खांबाशी उभ्या राहिलो. इतरांनी टाकलेल्या पानांचा ढीग त्यांच्या हाताशीच होता. तिसऱ्या डावाला एका दाढीवाल्या तरुणाने सगळ्या चकत्या लावल्या. काकांनी त्याच्याकडे बघितलं, टेबलावरच्या पानांकडे बघितलं आणि आपल्याही सगळ्या पुढे केल्या. टेबलावर बदामाची राणी, सत्ती आणि दुर्री होती, शिवाय किलवर चौकी आणि चौकट नव्वी. तरुणाने आपली पानं उलटली. दोन राण्या. म्हणजे एकूण तीन झाल्या. काकांचा चेहरा उजळला.

"आपला," ते म्हणाले.

त्यांचा हात पुढे गेला तेव्हाच मला कळलं. त्यांनी तरुणाच्या दोन राण्या उचलल्या, आपल्या दोन पानांत मिसळल्या, पालथ्या घातल्या. माझ्या जिभेवर शब्द आला, "काका, दाखवा!" आणि तिथेच राहिला. नियम मी लिहिला होता. त्यांनी ती चार पानं टेबलावर दोन बाजूंनी ठोकली आणि टाकलेल्या पानांच्या ढिगावर ठेवून ढीग सारखा केला. वाटणाऱ्या मुलीने सवयीने तो ढीग ओढून घेतला.

मग परीक्षक आला, माझ्याच टीममधला निनाद.

"काका, सॉरी. पानं उघडी दाखवली नाहीत आणि ढिगात गेली, तर हात बाद धरतात."

"पण पाच बदाम होते. एक्का आणि गुलाम माझ्याकडे होता."

"असतील काका. पण कुणी पाहिले नाहीत ना."

दाढीवाला तरुण बिचारा म्हणाला, "अरे, देऊन टाक ना अंकलना, मला चालेल." निनादने नकारार्थी मान हलवली. काकाच त्याला म्हणाले, "नाही, नाही. नियम आहे तर आहे." मग उठले, वाटणाऱ्या मुलीला "छान वाटतेस हो पानं" म्हणाले आणि आमच्याकडे चालत आले. कँटीनमध्ये काही जणांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचा संताप आला.

गाडीत ते एकदाच बोलले. "बदामाचा एक्का आणि गुलाम." मुग्धा "हो बाबा" म्हणाली. लहान मुलाने ढगात हत्ती दाखवल्यावर म्हणतो तसं.

घरी आल्यावर मी तिला जिन्यात गाठलं. "चूक माझी आहे, मुग्धा. घरी ते असंच गोळा करायचे आणि मी कधी सांगितलं नाही. हे विसरणं नाही गं, ही सवय आहे."

"का नाही सांगितलंस?"

"काकू असल्यासारखं वाटायचं."

ती कठड्याला टेकून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. "वैशाली, पण दुकानाचं कुलूपही तूच शिकवलंस का?" ती म्हणाली.

काकांनी भांडायला हवं होतं. निदान माझ्यावर चिडायला हवं होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी माळ्यावरून बॅग काढली. मी चहा घेऊन गेले तर शर्टांच्या घड्या घालत होते. "ठरलं होतं ना," एवढंच म्हणाले. पुढचे पंधरा दिवस मी रोज काही ना काही निमित्त काढून समोर जात होते आणि चार शर्टांच्या घड्या घालून परत येत होते.

निघायच्या सकाळी सामान गाडीत गेलं. मुग्धा ड्रायव्हरशी बोलत होती. काका फाटकाशी माझ्याजवळ थांबले.

"एक विचारू? ते बदाम खरंच होते का गं? त्या दिवशी मला स्वच्छ दिसत होते. आता एक्का दिसतो. दुसरं पान कधी गुलाम असतं, कधी नुसतंच काहीतरी काळं. मुग्धा म्हणत नाही, पण तिला वाटतं मला भास झाला."

मी एका क्षणाचाही विचार केला नाही. "होते, काका. एक्का आणि गुलाम. मी पाहिले ना."



"तू समोर होतीस," ते म्हणाले. "दोरीपलीकडे, खांबाशी. मुग्धा तुझ्या डावीकडे. समोरून पानांची पाठ दिसते."

मी काही बोलायच्या आत मुग्धाची हाक आली. काका माझ्या खांद्यावर थोपटून गाडीकडे गेले. आता तरी मुग्धाला सांगायला हवं होतं, की बघ, त्यांना सगळं आठवतंय, कोण कुठे उभं होतं तेसुद्धा. मी धावत गाडीपर्यंत गेले. मुग्धा आत वाकून त्यांच्या सीटचा पट्टा लावत होती, आणि काका दोन्ही हात जरा वर धरून तो लावून घेत होते.