माइकची पट्टी

पालिकेच्या सभागृहातल्या प्रत्येक माइकला आता लोखंडी पट्टी ठोकली आहे. प्रेक्षक गॅलरीतून मी त्या पट्ट्यांकडेच बघत बसलो होतो.

गेल्या सभेत आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका ताई किंचाळल्या होत्या, "नळाला गटाराचं पाणी येतंय, पोरं मरतायत! पाइपलाइनचे पैसे गेले कुठे?"

पाणीखात्याचे साहेब म्हणाले, "माहिती घेऊन कळवतो."

ताईंनी माइक उपटला आणि टेबलाच्या काचेवर हाणला. काचेचा चुरा झाला, हात रक्तबंबाळ झाला. दाबलेला प्रश्न असाच रक्त काढतो, आणि बहुतेकदा विचारणाऱ्याचंच.

आज बँडेज बांधलेल्या ताईंनी तोच प्रश्न विचारला. उत्तरही तेच आलं. त्यांनी माइकला हिसका दिला. तो तसूभरही हलला नाही.

पालिकेचं इतकं पक्कं काम मी पहिल्यांदाच पाहिलं.