मुंढा कापायचा व्हिडिओ

माझ्या शिवणाच्या व्हिडिओत माझा चेहरा कधीच दिसत नसे. दिसत ते हात, कात्री आणि कापड. मोबाइल सासूबाई धरत. हात अवघडला की म्हणत, "आटप वं माय, मी काही खुंटी नोहो." पण मोबाइल खाली ठेवत नसत.

बाही जिथं जोडतात तो मुंढा कसा कापायचा, काखेत चोळी का दाटते, हे मी आमच्याच बोलीत सांगायची. एकदा जळगाव जामोदकडच्या एका पोरीनं लिहिलं, 'ताई, तुमचं पाहून पहिलं ब्लाऊज शिवलं. मायले घातलं.' त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं झालं. ते वाचून दाखवलं तर सासूबाईंनीही डोळ्यांना पदर लावला.

भीती एकच, मामंजींची. सासऱ्यासमोर डोक्यावर पदर आणि तोंडाला कुलूप, ही आमच्या घरची रीत. त्यांना काही सांगायचं तर सासूबाईंमार्फत. सून मोबाइलवर जगाशी बोलते हे कळलं, की शिलाई मशीनवर कायमची चादर पडणार, हे आम्ही दोघींनी धरूनच ठेवलं होतं.

एक दिवस ते खामगावहून एसटीनं आले आणि चप्पल न काढताच ओट्यावर बसले. सासूबाईंना हाक मारली. मी दाराआड.

"बसमंधी एक पोरगी मोबाइल पाहून राह्यली होती. त्याच्यात तू ओरडली, 'हट वं बयताडे, ब्लाऊजपीस खाते काय!'"

झालं! व्हिडिओत मधेच कापड ओढायला आलेल्या बकरीनं घात केला. बायकोचा आवाज त्यांनी भर गर्दीत ओळखला होता.

"अन् ते शिकवणारी कोण होय? पोरगी मान हलवू हलवू ऐकत होती तिचं."

माझा आवाज ते ओळखणार तरी कसे? त्यांनी तो ऐकलाच कुठं होता? मला त्याचं फार वाईट वाटलं, भीतीपेक्षा जास्त.

 सासूबाईंनी मला हाताला धरून पुढं ओढलं. "हे होय. अन् मोबाइल मी धरते. बंद करायचं असन तर मलेबी सांगा."

मामंजींनी आता कुठं चपला काढल्या. मग लग्नानंतर पहिल्यांदाच, मधे कोणाला न घेता, मला म्हणाले, "साजरं बोलते वं पोरी. मंग घरात काऊन नाही बोलत?"

मला रडूच फुटलं. सवयीनं सासूबाई माझ्या वतीनं सांगायला लागल्या. मामंजींनी त्यांना हातानं थांबवलं.

"तू नोको. तिले बोलू दे."