अंदाजाला शाल-श्रीफळ

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय. इथे ओकल्याशिवाय जेवण जायचं नाही.

आज रत्नागिरीत हापूसच्या नव्याने वाचलेल्या जनुकांवर बैठक होती. बातमीदार म्हणून मीही होतो. संशोधन केंद्राच्या प्रमुख साहेबांनी पडद्यावर जनुकांची एक यादी दाखवली आणि जाहीर केलं, "करपा रोगाला पुरून उरणारं जनुक सापडलं!" टाळ्या.

प्रत्यक्ष काम करणारी मुग्धा उठली. "सर, तो सॉफ्टवेअरचा अंदाज आहे. पुराव्याचा रकाना रिकामा आहे. झाडात अजून काही तपासलेलं नाही."

मी संस्कृतवाला, मला चटकन कळलं. शब्द न तोडता सलग लिहिलेल्या जुन्या पोथीसारखा हा जनुकांचा मजकूर. सॉफ्टवेअर अंदाजाने शब्द तोडतं. तिथे खरंच शब्द आहे का, हे माणसाने ताडून बघायचं. साहेबांनी थेट अंदाजालाच शाल-श्रीफळ दिलं!

तेवढ्यात पावसचे बागायतदार बापूकाका म्हणाले, "म्हणजे यंदा फवारणी नको ना साहेब?"

साहेब नुसते हसले.

"काका, फवारणी करा हो! मोहोर जाईल सगळा," मुग्धा कळवळून म्हणाली.

"तू जरा बाहेर थांब," साहेब म्हणाले. ती गेली. आम्ही सगळे चहा प्यायलो.

ही बातमी मी देणार नाही. घरी येऊन बापूकाकांना फोनही केला, म्हटलं पोरगी खरं बोलत होती. ते म्हणाले, "मग मेल्या, तेव्हा का नाही बोललास?"

तुम्ही तिथे असतात, तर उठला असतात का?