टाकीची धर्ममाता

डोंगरातल्या आमच्या चाक्राबांबा गावात एर्मेलिंदाला कंत्राटदार टरकून असत, आणि तिला ते मनापासून आवडायचं. सरकारी कामं कशी तपासायची, याचं चर्चने भरवलेलं शिबिर करून आल्यापासून ती नगरपालिकेच्या प्रत्येक कामावर डोळा ठेवायची. पुढे तिने गावातल्या बायकांनाही तयार केलं. मध्ये उकडलेल्या मक्याची परात ठेवून शिकवणी चाले. "सिमेंटवर खिळा ओढा. भुगा पडला की धरा कंत्राटदाराला. आणि नगराध्यक्षाच्या घरचं जेवण सभा झाल्यावर! आधी जेवलात तर सभेत तोंड उघडणार नाही."

खालच्या वाडीची सातुर्निना त्यांत सगळ्यांत बुजरी. एर्मेलिंदाचा तिच्यावर फार जीव.

त्या वाडीसाठी पाण्याची टाकी बांधून झाली, तेव्हा नगराध्यक्ष फ्रॉइलान स्वतः एर्मेलिंदाच्या दारात आला. आमच्याकडे नव्या बांधकामालाही बाप्तिस्म्याच्या बाळासारखी धर्ममाता लागते. तिने फिती बांधलेलं मक्याच्या दारूचं मडकं फोडल्याशिवाय उद्घाटन होत नाही.

"हा मान तुमचाच," फ्रॉइलान म्हणाला.

एरवी हा मान डॉक्टरिणीला, नाहीतर व्यापाऱ्याच्या बायकोला मिळायचा. एर्मेलिंदा विरघळली.

उद्घाटनाला बँड होता, टाकीवर तिच्या नावाची पाटी होती. मडकं फोडायला ती वाकली तेव्हा टाकीच्या बुडाशी तिला ओल दिसली. तिने फ्रॉइलानकडे पाहिलं.

"नवं सिमेंट आहे, कोमाद्रे. सुकेल," तो हळूच म्हणाला.

कोमाद्रे म्हणजे आपल्या लेकराची धर्ममाता, म्हणून बहिणीसारखी; इथे लेकरू म्हणजे टाकी. त्या नात्यात चारचौघांत एकमेकांचे वाभाडे काढत नाहीत. एर्मेलिंदाने मडकं फोडलं. टाळ्या पडल्या.

टाकी काही दिवसांतच तडकली. खालच्या वाडीतल्या बाया पुन्हा नदीवरून घागरी वाहू लागल्या. रस्त्यात त्या भेटल्या की एर्मेलिंदा मान वळवायची. घास गोड लागेना. आपण शिकवलेल्या पोरी वार्षिक सभेत विचारतीलच, असं ती मनाला समजवायची, आणि आपलं ओझं पोरींच्या डोक्यावर टाकतोय म्हणून तिला स्वतःचीच शिसारी यायची.

सभेत फ्रॉइलानने वर्षभराची कामं वाचली, टाकीसुद्धा. "कुणाला काही विचारायचंय?"

तिच्या शिष्या जमिनीकडे बघत बसल्या होत्या. एर्मेलिंदाने सातुर्निनाला कोपराने ढोसलं. "ऊठ की गं! शिकवलेलं सगळं पाण्यात गेलं का?"

"नाही, मावशी. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, विचारायचं नाही."

"का पण?"

"पाटीवर तुमचं नाव आहे ना. तुमची मान खाली जायला नको. आम्ही आणू पाणी नदीवरनं, काय बिघडतं!"

एर्मेलिंदाला वाटलं, हिने माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. फुकटच्या जेवणाने तोंड बंद होतं हे तिने शिकवलं होतं. मायेनेही होतं, हे शिकवायचं राहिलं होतं.

ती उठली.

"बोला, कोमाद्रे," फ्रॉइलान हसत म्हणाला.

"कोमाद्रे राहू दे. टाकी फुटलीय, वाडीला पाणी नाही. ती दुरुस्त कधी होणार, ते लोकांसमोर सांग. आणि पोरींनो, तुम्ही मला विचारा. धर्ममाता मी आहे."

सातुर्निना उभी राहिली.

"मावशी, टाकी गळतेय हे तुम्हाला कधी कळलं?"

"मडकं फोडायच्या आधी," एर्मेलिंदा म्हणाली.