पाय दाखवा

एझरा गेल्याचा फोन आला तेव्हा मी खारघरच्या घरी गॅलरीत बसून बुटांना नाड्या ओवत होतो. पलीकडून त्याच्या बायकोचा, लेआवहिनींचा, आवाज आला, "गेले ते. तुम्ही सावकाश या." मला धक्का बसला नाही आणि त्याचीच भीती वाटली. आम्हाला खरं तर ते हिवाळ्यातच कळायला हवं होतं... त्या फरशीवर सगळं दिसलं होतं.

आम्ही काही निवृत्त मंडळी दर हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्याने पायी फिरायला जायचो. म्होरक्या अर्थातच एझरा. जन्म पनवेलचा, नोकरी बँकेतली. भावंडं एकेक करून इस्रायलला गेली, हा मात्र "तिथे मला बोंबील कोण घालणार?" म्हणत इथेच राहिला. बँकेतली सगळी शिस्त त्याने निवृत्तीनंतर आमच्या पायांवर सोडली होती. नखं सरळ कापा, कोपरे कोरू नका. बूट घालण्याआधी उलटा करून झटका. दुपारी मोजे बदला. फोड आला तर त्याला टोचत बसू नका. मुक्कामी पोचलो की चहाच्याही आधी हुकूम सुटायचा, "पाय दाखवा." मग हा कोमट पाण्याची बादली घेऊन पाटावर बसणार, आमचे तळवे मांडीवर घेऊन उलटेसुलटे बघणार, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणार. मला जुना मधुमेह, म्हणून माझी जादा परीक्षा. मी डोळे मिटायचे आणि तो बोटाला कापसाची वात लावेल तेव्हा "हं" म्हणायचं. मुलगी बघायला आलायस का, असं मी त्याला चिडवायचो. त्यावर तो कधी हसला नाही. "पायाला कळेनासं झालं की संपलं, प्रोफेसर," एवढंच म्हणायचा.

त्याचे स्वतःचे पाय मात्र आमच्यापैकी कुणीच पाहिले नव्हते. अलीकडे तर घरातही मोजे असायचे. गेल्या दिवाळीत माझी मुलगी नमस्काराला वाकली तर त्याने झटकन पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "आमच्यात देवाशिवाय कुणापुढे वाकत नाहीत, बाळा." आम्हाला ते फार भावलं. तेव्हापासून त्याच्या पायांकडे बघणंही आम्ही टाळायला लागलो, त्याच्या धर्माचा मान म्हणून. उठसूट थोरांच्या पायाला हात लावणारी आमच्यासारखी माणसंच अशी चूक करणार!

शेवटच्या वेळी श्रीवर्धनच्या अलीकडे एका घरी मुक्काम होता. दिवसभर आम्ही सगळे कुरकुरत, लंगडत चाललो होतो आणि हा एकटा ताठ. त्याला कुठे काही दुखत नव्हतं, आणि आम्ही त्याचं कौतुक करत होतो. संध्याकाळी आमच्यासाठी पाणी आणायला तो पडवीतून आत गेला तशी त्याच्यामागून येणारी घरमालकीण दारातच थबकली.

"काका, थांबा. तुमच्या पायाखाली रगत हाय."

फरशीवर मोज्याचे ठसे उमटले होते. फक्त उजव्या पायाचे, पार चुलीपर्यंत. एझराने मागे वळून ते पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती, आश्चर्यही नव्हतं. "बुटात शिंपल्याचा तुकडा गेला असेल," असं म्हणत त्याने स्वतःच फडकं घेऊन फरशी पुसली. आज आधी तुझे पाय, असं म्हणत मी त्याच्या मागोमाग गेलो, तर त्याने खोलीत जाऊन आतून कडी लावून घेतली. थोड्या वेळाने बाहेर आला तो नवे मोजे घालूनच. येऊन नेहमीसारखा पाटावर बसला आणि आमचे पाय बघायला लागला. दुसऱ्या दिवशीही तो सगळ्यांच्या पुढे चालत होता.

पनवेलला परतल्यावर अंगठा काळा पडला. आधी अंगठा कापला, मग पाऊल, आणि तोवर विष अंगभर पसरलं होतं. माझा इतका जवळचा मित्र एका शिंपल्याच्या तुकड्याने गेला, या गोष्टीचा मला अजून संताप येतो.

परवा वहिनींना भेटायला गेलो. स्टँडवर त्याचे बूट अजून उलटेच ठेवलेले होते. वहिनी शांतपणे सांगत होत्या. त्याला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. रोज दार लावून तो स्वतःच्या बोटांना कापूस लावून बघायचा. डॉक्टरांना कळलं तर चालणं बंद करतील, म्हणून घराबाहेर कुणाला काही बोलला नाही. "आमच्यात वाकत नाहीत हे खरंच आहे," त्या म्हणाल्या, "पण पाय ओढून घ्यायचं कारण ते नव्हतं."

मी निघायला उठलो तशी त्यांनी त्याचा पाट पुढे ओढला आणि कापसाची वात वळायला घेतली. म्हणाल्या, "बसा. पाय दाखवा." तो गेल्यापासून मला हे कुणी म्हटलं नव्हतं. नाही म्हणवेना, म्हणून मोजा काढून त्यांच्यासमोर पाय धरला आणि डोळे मिटले. रस्त्यावरून जासईकडे जाणारे कंटेनर एकामागून एक धडधडत होते. मी वाट बघत राहिलो. परक्या पुरुषाच्या पायाला हात लावायला वहिनी संकोचत असतील, असं वाटलं.

"कापूस लावा ना, वहिनी," मी म्हणालो.

त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या,

"केव्हाचा लावलाय, भावोजी."